पाणी तापलं का, टिकलं का, पोचलं का? सोलर हीटरचा बिघाड घरच्या घरी कसा शोधायचा

सातारा-सांगलीकडे न्हाणीतल्या नळाला गरम पाणी आलं नाही की गच्चीवरचा सोलर बिघडला, असं आपण धरून चालतो. मेकॅनिक येतो, दोन-चार काचेच्या नळ्या बदलतो, पैसे घेऊन जातो आणि आठवड्याभरात पुन्हा बादलीत कोमट पाणी. असं होतं कारण पाणी तापलंच नाही, तापलं पण रात्रभर टिकलं नाही, की टिकलं पण नळापर्यंत पोचलं नाही, हे कोणी तपासलेलंच नसतं. तिन्ही बिघाड वेगळे आणि तिन्हींचे उपायही वेगळे. नळाखाली हात धरला की मात्र तिन्ही सारखेच गार लागतात.

तपासायला दोन मोजमापं पुरतात. शंभर अंशांपर्यंत मोजणारा साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. दिवसभर स्वच्छ ऊन पडलंय आणि दुपारपासून गरम पाणी वापरलेलं नाही, असा एक दिवस निवडा. संध्याकाळी पाच वाजता सोलरच्या टाकीला सगळ्यात जवळ असलेला गरम पाण्याचा नळ सोडा, पाइपमधलं गार पाणी जाऊ द्या आणि मग मापा. रात्री गरम पाणी कोणीही वापरू नका. सकाळी सहाला त्याच नळाला पुन्हा मापा. संध्याकाळी ५५ ते ६५ अंश आणि सकाळी त्यापेक्षा पाच ते आठ अंश कमी, म्हणजे सोलर ठणठणीत आहे आणि बिघाड खाली पाइपात आहे. संध्याकाळीच ४० भरलं तर पाणी तापत नाही. संध्याकाळी ६० आणि सकाळी ४० म्हणजे तापलेलं पाणी रात्रीतून कुठेतरी जातंय.

पुढचं सगळं समजायला सोलरचं काम कसं चालतं ते डोळ्यासमोर हवं. यात पंप नसतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्याचं वजन ९९८ ग्रॅम भरतं, ६० अंशांच्या पाण्याचं ९८३ ग्रॅम. लिटरमागे जेमतेम १५ ग्रॅमचा हा फरक. एवढ्याशा हलकेपणावर तापलेलं पाणी नळीतून वर टाकीत चढतं आणि टाकीतलं गार पाणी नळीत उतरतं. टाकीतून घरात पाणी जातं तेही आपल्या वजनाने नव्हे. वरच्या गार पाण्याच्या टाकीतलं पाणी सोलरच्या टाकीत खालून शिरतं आणि वरचं गरम पाणी पुढे ढकलतं. सगळा कारभार इतक्या हलक्या जोरावर चालतो, म्हणूनच हवेचा एक फुगा किंवा दोन मिलिमीटर क्षार तो बंद पाडतो.

पोचलं का?

इथून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त तक्रारी इथल्याच असतात आणि तपासायला पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट पाइपची लांबी. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्यावरच्या न्हाणीपर्यंत पाइप २० मीटर असेल, तर गरम पाणी यायच्या आधी पाच लिटर गार पाणी यायलाच हवं. हा बिघाड नाही. ते पाणी वेगळ्या बादलीत धरा, विसणाला कामी येतं. मात्र तेवढं जाऊनही पाणी कोमटच राहिलं, तर पाइपला वरून गुंडाळलेला फोम तपासा. उन्हाने तो दोन-तीन वर्षांत भुगा होऊन पडतो आणि उघडा पाइप हिवाळ्याच्या पहाटे पाणी गार करतो. नवा फोम घालताना वरून उन्हाला टिकणारी टेप किंवा पत्र्याचं आवरण घातलंच पाहिजे, नाहीतर काम वाया जातं.

दुसरी गोष्ट हवा धरण्याची. गरम पाण्याचा नळ फुस्स करतो, थुंकल्यासारखं पाणी येतं आणि बंद पडतं, गार नळाला मात्र जोर असतो. हे हवा अडकल्याचं लक्षण. गच्चीवरून खाली येताना पाइप कठड्यावरून चढवून पलीकडे उतरवलेला असतो, तिथे उलट्या यू-सारखी कमान होते. पाणी तापलं की त्यात विरघळलेली हवा सुटते आणि या कमानीत जमते. वरची टाकी सोलरपेक्षा जेमतेम दोन फूट उंच असेल, तर तेवढ्या दाबाला ही हवा पुढे सरकत नाही. वरच्या मजल्यावर दाब आणखी कमी, म्हणून रड तिथूनच सुरू होते.

मोटर चालवून वरची टाकी काठोकाठ भरा आणि सगळ्यात खालच्या मजल्यावरचा गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा. बऱ्याचदा पाच मिनिटांत हवा निघून जाते. नाही गेली तर वॉल मिक्सरची (गार-गरम पाणी एकत्र करणाऱ्या भिंतीवरच्या नळाची) तोंडाकडची बाजू ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरा आणि गार व गरम दोन्ही चाव्या अर्धा मिनिट उघडा. गार पाणी उलट गरम लाइनमध्ये शिरतं आणि हवेला वर ढकलून देतं. ही युक्ती पहाटे, पाणी फार कढत नसताना करा आणि त्या वेळी गच्चीवर व्हेंट पाइपजवळ, म्हणजे सोलरच्या टाकीच्या हवेसाठी ठेवलेल्या उघड्या पाइपजवळ, कोणी उभं राहू नका. घरात प्रेशर पंप असेल तर हे करूच नका, त्या जोराने सोलरची टाकी व्हेंटमधून उसळते.

कायमचा उपाय एकच. कमानीच्या सगळ्यात उंच जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवून उभा पाइप वर न्यायचा आणि त्याचं उघडं तोंड वरच्या टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा फूटभर उंच ठेवायचं. त्याहून चांगलं म्हणजे कठडा फोडून पाइप सलग उतरता घ्यायचा. प्लंबर भिंत फोडायला तयार नसतो, पण आग्रह धरा, हे एकदाचं काम आहे.

हवा मुळात का शिरते, हेही बघा. वीज जायची, मोटर चालायची नाही आणि दुपारी वरची टाकी तळाला जायची, असं चालू असेल तर रोज लाइन रिकामी होणार. पुष्कळ घरांत घराची लाइन टाकीच्या तळातून आणि सोलरची लाइन तिच्या वीतभर वरून काढलेली असते. पाणी कमी झालं की सोलरची लाइन आधी कोरडी पडते. दोन्ही एकाच उंचीवर हव्यात आणि सोलरची लाइन स्वतंत्र हवी, तिच्यावर मधेच वॉशिंग मशीनचा फाटा नको.

तिसरं कारण फारसं कोणी तपासत नाही आणि नळ्या बदलण्याचा निम्मा खर्च त्यापायी वाया जातो, असं आमचं ठाम मत आहे. ते म्हणजे मिक्सरमधून गार पाणी गरम लाइनमध्ये घुसणं. वॉल मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या आहेत आणि पुढे हँड शॉवरची टोपी बंद आहे, अशी न्हाणी कल्पा. गार लाइनचा दाब थोडा जरी जास्त असला, तरी तिथून गार पाणी गुपचूप गरम लाइनमध्ये जातं. मग स्वयंपाकघरात गरम नळ सोडला की त्यातून ते गार पाणी येतं. एका दांडीच्या मिक्सरमधलं आतलं कार्ट्रिज झिजलं तरी हेच होतं.

तपासणी अशी: सोलरच्या टाकीत गार पाणी जातं तिथला व्हॉल्व्ह बंद करा आणि घरातला एक गरम नळ सोडा. थोडं पाणी येऊन धार थांबली पाहिजे. गार पाणी धो-धो येतच राहिलं तर ते सोलरमधून येत नाही, कुठल्यातरी मिक्सरमधून येतंय. एकेका मिक्सरच्या चाव्या पक्क्या बंद करत जा, धार थांबली की चोर सापडला. मग कार्ट्रिज बदला किंवा त्या मिक्सरच्या गरम बाजूला पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. ही तपासणी सकाळी लवकर करा आणि झाल्यावर टाकीचा व्हॉल्व्ह आठवणीने उघडा. तो बंद राहून टाकी रिकामी झाली तर काय होतं, ते पुढे येतंच.

टिकलं का?

रात्रीतून दहा-पंधरा अंश उतरत असतील तर आधी गळती शोधा. गरम नळाची बारीक धार निरुपद्रवी वाटते. एक काचेचा पेला तिच्याखाली धरा. २०० मिलिलिटरचा पेला दोन मिनिटांत भरला, तर दिवसाला १४४ लिटर पाणी गेलं. शंभर लिटरची अख्खी टाकी आणि वर आणखी जवळपास अर्धी. ही गळती कमोडमागच्या हेल्थ फॉसेटला किंवा बंद पडलेल्या गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हला असली की महिनोन्‌महिने कळत नाही.

सोलरचा व्हेंट पाइप सतत ओघळतोय का तेही बघा. त्याचं तोंड वरच्या टाकीच्या पाणीपातळीपेक्षा खाली आलं, की टाकी भरल्यावर गरम पाणी तिथून वाहून जातं. जुनी टाकी काढून उंच टाकी बसवली आणि व्हेंट तसाच ठेवला, की हमखास हे होतं.

व्हेंटबद्दल आणखी एक, आणि हे जपायलाच हवं. हा अर्ध्या-पाऊण इंची उघडा पाइप म्हणजे टाकीचं नाक. गरम पाणी बाहेर गेलं की त्यातून हवा आत येते, वाफ झाली की बाहेर पडते. कुंभारीण माशीला नेमकं असंच तोंड आवडतं. ओल्या मातीचं बोटाच्या पेराएवढं घरटं ती आत लिंपते आणि ते उन्हात विटेसारखं कडक होतं. तोंड बंद असताना जोरात गरम पाणी काढलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि आतला पातळ स्टीलचा पत्रा चेपतो. चेपलेली टाकी दुरुस्त होत नाही. म्हणून तोंड खाली वळवलेलं आणि जाळी लावलेलं हवं, आणि पावसाळ्याआधी व नंतर एकदा त्यात तार घालून बघायला हवं. तिथे व्हॉल्व्ह किंवा बूच कधीही लावायचं नाही, ओघळतंय म्हणूनसुद्धा नाही.

गळती नाही, व्हेंट नीट आहे आणि तरी पाणी निवतंय, तर टाकीच्या बाहेरच्या पत्र्याला पहाटे हात लावा. एखादी जागा उबदार किंवा खालून ओली लागली, तर आतली टाकी पाझरून फोम भिजलाय. ओला फोम ऊब धरत नाही. बोअरच्या पाण्यात क्लोराइड जास्त असेल तर स्टीलच्या टाकीला वेल्डिंगजवळ टाचणीएवढी भोकं पडतात. वरून एम-सील लावून ती थांबत नाहीत.

तापलं का?

इथे सातारा आणि सांगलीची हवा, पाणी आणि ऊस तिन्ही आड येतात.

आधी सावली. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य साताऱ्यात क्षितिजापासून ४९ अंशांवर आणि सांगलीत ५० अंशांवर असतो, त्याहून वर जातच नाही. म्हणजे दक्षिणेकडे दहा फूट उंच भिंत असेल तर दुपारी बारालाही तिची सावली साडेआठ फूट पडते, सकाळी नऊला कितीतरी जास्त. मे महिन्यात उत्तम चालणारा सोलर डिसेंबरात ढिम्म, आणि मधल्या काळात शेजारी एक मजला चढलाय, असं असेल तर मेकॅनिकला बोलावू नका. जागा बदला. तोंड दक्षिणेला आणि कल २५ ते ३० अंश ठेवा. गरम पाण्याची खरी गरज हिवाळ्यात, म्हणून कल हिवाळ्याच्या उन्हाप्रमाणे घ्यायचा.

मग काजळी. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कराड, वाळवा, पलूस या पट्ट्यात पेटवलेल्या फडाची आणि पाचटाची काळी राख गच्चीवर उतरते. धुणं वाळत घालणाऱ्याला ती लगेच दिसते, सोलरवर मात्र कोणाचं लक्ष जात नाही. हंगामात पंधरवड्याला एकदा ओल्या मऊ फडक्याने पुसा. सूर्य उगवण्याआधी पुसा, तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

आता नळ्या. नेहमीची काचेची नळी ५८ मिलिमीटर जाड आणि १८०० मिलिमीटर लांब असते, शंभर लिटरला अशा दहा. ती थर्मासच्या आतल्या भांड्यासारखी दुहेरी काचेची, मधली हवा काढून घेतलेली. खालचं टोक निरखून बघा. तिथे आतून आरशासारखा चंदेरी थर असतो, तो बेरियमचा. बारीकशी चीर जाऊन आत हवा शिरली की हा थर दुधासारखा पांढरा पडतो. पांढरी पडलेली नळी पाणी धरते, गळत नाही, पण ऊब धरत नाही. नळी निकामी झाल्याची ही पक्की खूण आहे. मेकॅनिकने नळी बदलायला सांगितली तर तिचं बूड आधी स्वतः बघा. दहापैकी एक पांढरी असेल तर साधारण दहावा हिस्सा गरमी कमी, त्याने अख्खी टाकी गार पडणार नाही.

बूड चंदेरी असूनही पाणी तापत नसेल तर आतून गाळ बघायचा. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, माण, खटाव या भागांत बोअरवरची घरं पुष्कळ आणि त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. पाणी तापलं की कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुनखडी खाली बसते. साठ अंशांच्या वर हे फार जोरात होतं. म्हणजे सोलर जितका चांगला तितका क्षार लवकर. कासचं किंवा कृष्णेचं नळपाणी त्या मानाने मऊ असतं, पण उन्हाळ्यात त्याच टाकीत बोअरचं पाणी सोडलं की तेवढ्या महिन्यांत वर्षाचा थर बसतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६००. सोलरसाठी २०० च्या पुढे गेलं की दर वर्षी सफाई धरूनच चाला. हा आकडा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजणाऱ्या मीटरवर कळत नाही, कठीणपणाची तपासणी प्रयोगशाळेतून वेगळी करून घ्यावी लागते. साबणाला फेस न येणं आणि भांड्याच्या तळाला पांढरा खडा धरणं या घरातल्या खुणा मात्र खऱ्या.

काचेच्या नळीत हा क्षार भुकटी होऊन बुडाशी साठतो. काचेच्या नळ्यांऐवजी तांब्याच्या पॅनेलचा सोलर असेल तर गोष्ट जास्त बिकट. त्यातल्या उभ्या नळ्या बाहेरून १२.७ मिलिमीटर, आतून साधारण साडेअकरा. दोन मिलिमीटरचा थर धरला की आत साडेसात मिलिमीटर उरतात, म्हणजे पाण्याची वाट निम्म्याहून कमी. १५ ग्रॅमच्या हलकेपणावर चालणारं पाणी तिथे थांबतं. याची खूण अशी की दुपारी बाराला पॅनेलच्या वरच्या टोकाचा पाइप चटका बसेल इतका तापलेला असतो आणि टाकीतलं पाणी मात्र कोमट.

तांब्याच्या पॅनेलला सायट्रिक अ‍ॅसिड वापरा, लिटरला ५० ग्रॅम. पॅनेल टाकीपासून सोडवून लहान पंपाने हे पाणी तासभर फिरवायचं. फेस यायचा थांबला की ते ओतून द्यायचं, थर जाड असेल तर नवं पाणी करून पुन्हा फिरवायचं आणि शेवटी साध्या पाण्याने तीनदा धुवायचं. फरशी धुण्याचं अ‍ॅसिड स्टीलच्या टाकीत कधीही ओतू देऊ नका. क्षार पाच मिनिटांत जातो खरा, पण ते हायड्रोक्लोरिक असतं आणि स्टीलला भोकं पाडतं. ‘अ‍ॅसिड मारून देतो’ म्हणणाऱ्याला बाटली दाखवायला सांगा. पाणी फारच जड असेल तर मिठाने धुतला जाणारा रेझिनचा सॉफ्टनर फक्त सोलरच्या गार लाइनवर बसवा, सगळ्या घराला नको. सॉफ्टनर लावल्यावरही टीडीएस तेवढाच दिसेल, त्याने गोंधळू नका. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं, एकूण क्षार तेवढेच राहतात.

काचेच्या नळ्यांची सफाई किंवा बदल करताना एक नियम मोडायचा नाही. रिकामी नळी उन्हात दोनशे अंशांच्या वर तापते. तिच्यात गार पाणी पडलं की ती तडकते, आणि एक फुटली की टाकी तिथून रिकामी होऊन बाकीच्याही कोरड्या पडतात. दिवसा कधी टाकी रिकामी सापडली तर नळ्यांवर गोणपाट किंवा ताडपत्री टाका आणि अंधार पडल्यावरच पाणी सोडा. नवी नळी बसवताना रबरी रिंगला साबणाचं पाणी लावा आणि नळी फिरवत-फिरवत आत सरकवा. कोरडी दाबली तर रिंग दुमडते आणि थेंब-थेंब गळत राहतं. ५८ मिलिमीटरच्या एका नळीत पावणेतीन लिटर पाणी असतं, ती खाली ओढताना हे वजन आणि कढत पाणी दोन्ही लक्षात ठेवा.

ढगाळ दिवसांसाठी टाकीत विजेचा एलिमेंट असतो, त्याचाही हिशेब सांगतो. १०० लिटर पाणी २४ वरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे अडीच युनिट लागतात, दोन किलोवॉटच्या एलिमेंटला सव्वा तास. तो रात्रभर चालू ठेवला तर सूर्य उगवतो तेव्हा टाकी आधीच तापलेली असते, उन्हाला करायला काही उरत नाही आणि बिल चढतं. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणकडे पहाटे पाचला लावा, सव्वासहाला बंद करा. एलिमेंट तापत नसेल तर मेन स्विच बंद करून मल्टीमीटरने रोध मोजा. दोन किलोवॉटला २६ ओहमच्या आसपास आला पाहिजे. आकडा येतच नसेल तर कॉइल तुटली. एलिमेंट लावताच आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर एलिमेंटची नळी फुटून वीज पाण्यात उतरते आहे. ‘जरा वेळ चालतंय’ म्हणून आरसीसीबीला बगल देऊ नका. नळाला झिणझिण्या आल्या तर नळ तसाच सोडून आधी एमसीबी खाली करा.

सोलर दुरुस्तीला पडला की पुष्कळ घरांत तेवढ्यापुरता गॅस गीझर आणतात. तो न्हाणीच्या आत बसवू नका. बंद न्हाणीत जळताना त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि माणूस आवाज न करता खाली पडतो. बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त पाइप आत घ्या.

दुरुस्ती झाली त्या संध्याकाळी गरम पाणी आलं म्हणून समाधान मानू नका. पैसे देण्याआधी मेकॅनिकला सांगा की दोन दिवस स्वच्छ ऊन जाऊ दे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा त्याच नळाला, त्याच थर्मामीटरने मापा आणि दोन्ही आकडे तारखेसह गीझरच्या स्विचशेजारी लिहून ठेवा.